धर्मबापाला ठोसा कोण मारणार

आपल्या बापाबद्दल टक्केवारीत बोलू नये. हे गणिताच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. मी ते स्वतःच्या जिवावर शिकले, आणि शिकता शिकता इतकी दमले की पंधराव्या वर्षी मला रोज दुपारी शेजारच्या नांग सिद्रांसारखं पंखा घेऊन आडवं व्हावंसं वाटतं.

सुरुवात क्विआम्को सरांनी केली. ते आम्हाला दहावीला गणित शिकवतात. ते म्हणाले, संख्याशास्त्र वहीत करू नका, गावात करा. संताची जत्रा तोंडावर आली आहे, तिथे काहीतरी घडणारच. त्याचा आधी अंदाज बांधा आणि मग बघा जमतो का. वर्गातल्यांनी सोपे विषय भराभर पळवले. मिरवणुकीत किती छत्र्या हरवतील. भाजलेल्या डुकराचा कान पहिला कोण तोडून पळेल. एकाने तर ऐन नाचात वीज जाईल का, हा विषय घेतला. त्याला अंदाज म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात.

मी हात वर केला. पूर्वी मी हात वर करत नसे. पण जूनमध्ये वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून माझा हात डोक्याला न विचारता वर जातो. मी म्हणाले, "सर, जत्रेच्या बॉक्सिंगमध्ये दुल्फो अबेयानोसा जिंकेल की हरेल, याचा अंदाज मी करते."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. दुल्फो अबेयानोसा हे माझे तातय. म्हणजे वडील.

आमच्या गावात तातय कोण आहेत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण ते प्रत्येक घरात आहेत. आमचा शुद्ध पाण्याचा धंदा आहे, आणि प्रत्येक जारवर तातयचा ग्लोव्ह्ज घातलेला फोटो आहे. खाली लिहिलंय : 'चॅम्पियन पाणी'. एकेकाळी ते आमच्या सगळ्या विसाया बेटांचे चॅम्पियन होते. आता वय सेहेचाळीस. मोठ्या लढती कधीच संपल्या, पण जत्रेचा पट्टा दरवर्षी त्यांच्याच कमरेला असतो. यंदा मात्र नवे गावप्रमुख म्हणाले, दरवर्षी गावातलीच पोरं काय लढवायची, जरा बाहेरचा माणूस आणू. आणि त्यांनी समोरच्या बेटावरचा रेक्सन तबाके ठरवला. वय बावीस, प्रांताचं सुवर्णपदक, आणि दंड असे की शर्टाच्या बाह्यांना त्याची भीती वाटावी.

मी कामाला लागले. नानायच्या, म्हणजे आईच्या, शिवणाच्या टेपने तातयचे हात मोजले. दोरीवरच्या उड्या मोजल्या. तातय खूश. "श्वास किती वेळ रोखतो तेही घे की," ते म्हणाले. मी नको म्हणाले, तरी त्यांनी रोखला. गिऱ्हाईक जार घेऊन उभं, आणि मालक लालबुंद होऊन गाल फुगवून बसलेला.

"चार भांडी भात खातात तेही लिही," नानाय आतून म्हणाली. "जिंकले काय, हरले काय, भात तेवढाच लागतो."

आपल्या मुलीने आपल्यावर अभ्यास मांडला आहे ही बातमी तातयनी स्वतःच पाण्याबरोबर घरपोच केली. मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या दुकानवाल्या नांग सिद्रांचं म्हणणं, टेप-बीप काही नको, माणूस खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणतो का तेवढं बघ. म्हणत असेल तर संपला. पलीकडचे नोंग पेपिंग (मोठ्या बाईला आम्ही नांग म्हणतो, पुरुषाला नोंग) निवृत्त झाल्यापासून जगातल्या सगळ्याच विषयांचे जाणकार आहेत. ते म्हणाले, "म्हातारा रेडा चिखलात जिंकतो, पोरी. आदल्या दिवशी बास्केटबॉलच्या कोर्टावर पाणी सोडा." सराव झाल्यावर गरम हातांवर गार पाणी पडलं की पास्मा होतो आणि हात थरथरायला लागतात, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून नांग सिद्रांनी तातयना संध्याकाळी नळाला हात लावायची बंदी केली. पाण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला पाण्याची बंदी. जार कोणी भरले असतील, ते विचारू नका.

अखेर मी अंदाज काढला. जत्रेच्या रिंगणात तातय आजवर एकदाही हरलेले नाहीत. तेव्हा वयाचे थोडे कापूनही ते जिंकण्याची शक्यता एकोणनव्वद टक्के. तातयनी तो कागद माझ्या हातातून घेतला, लॅमिनेट करून आणला आणि दुकानात नळांच्या वर टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, "आमच्या बेलने काढलंय. नुसतं कौतुक नाही हां, गणित आहे."

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी वही पाहिली आणि एवढंच म्हणाले, "क्लॅरिबेल, ते जिंकले हे तू मोजलंस. कसे जिंकले ते पाहिलंस का?"

मी दुखावले. वक्तृत्वाच्या पहिल्या नंबरला असं कोणी विचारतं का? पण घरी येऊन मामेभावांच्या मोबाइलमधल्या जुन्या लढती काढून बसले. आणि मला एक गंमत दिसली. तातयसमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोराचे ठोसे कोपरावर, खांद्यावर नाहीतर हवेत जात होते. एक तर पंचांना लागला होता. आणि घंटा होण्याआधी प्रत्येक जण वाकून तातयचा ग्लोव्ह आपल्या कपाळाला लावत होता. घरात म्हाताऱ्याकोताऱ्यांचा हात लावतो ना, तसा.

गेल्या वर्षीचा हरलेला म्हणजे नोंग आर्विन, न्हावी. मी त्याच्या दुकानात गेले.

"नोंग आर्विन, गेल्या वर्षी तुम्ही तिसऱ्या फेरीत का पडलात?"

"पाय घसरला."

"त्याच्या आदल्या वर्षी नोंग रोमेलचाही घसरला होता."

"कोर्ट गुळगुळीत आहे."

"तातय कधी घसरत नाहीत."

त्याने कात्री नुसतीच हवेत दोनदा चालवली. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे बघायला लागलं.

"बेल, तू लहान आहेस."

"मी दहावीत आहे."

"अगं, निनोंगच्या तोंडावर कोण मारणार?" तो हळूच म्हणाला. "माझ्या बाप्तिस्म्याला तुझ्या तातयनी मला हातांवर घेतलं होतं. लग्नात अख्खं डुक्कर दिलं. मी त्यांच्या जबड्यावर मारून घरी गेलो असतो तर आईने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं."

"म्हणजे नोंग रोमेलसुद्धा?"

"रोमेलचे ते निनोंग. त्याच्या आधी जो पडला त्याचेही. या खुर्चीत बसलेत ना, यांचेही," आर्विन म्हणाला. गिऱ्हाईकाने आरशातूनच मान डोलावली.

एकदा का तुमचं नाव मोठं झालं की गावातली सगळी बाळं तुमच्या हातावर येतात. प्रत्येकाला वाटतं, पोराला चॅम्पियन निनोंग, म्हणजे धर्मबाप, असावा. तातय कुणालाच नाही म्हणत नाहीत. म्हणजे त्यांना मारू शकेल अशा वयाचं एकही पोर गावात उरलेलं नव्हतं. आणि रेक्सन? तो समोरच्या बेटाचा. तो तातयचा कुणीही लागत नव्हता. मी घरी येऊन गणित पुन्हा मांडलं. बारा टक्के निघाले. तेही नोंग पेपिंगचा चिखल धरून.

बाहेर तातय तो लॅमिनेट केलेला कागद फडक्याने पुसत होते. यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. हरले तर एक वेळ ठीक, हरतात माणसं. पण इतकी वर्षं पोरं मुद्दाम पडत होती हे त्यांना कळलं तर? जारवरचा तो फोटो मग ते रोज कसा उचलणार? कागद उतरवला तर कळणार, नाही उतरवला तरी जत्रेच्या दुपारी कळणार. माणसाचं मन हलकं व्हावं म्हणून मी हे सगळं नांग सिद्रांना सांगितलं. माझ्या आयुष्यातली दवंडी मी अशी स्वतःच्या हाताने पिटली.

दिवेलागणीला तातय पाणी पोचवायला गेलेले पाहून नांग सिद्रांच्या दुकानात सभा भरली. सगळे हरलेले आले होते. इतके हरलेले लोक मी एका बाकावर कधी पाहिले नव्हते. त्यांच्या आयासुद्धा आल्या होत्या.

"दुल्फोला ताप आलाय म्हणून सांगू," एक आई म्हणाली.

"दुल्फो तापातही लढेल," नोंग पेपिंग म्हणाले. "मी चिखलाचं सांगत होतो..."

"पेपिंग, तुझा चिखल तुझ्या अंगणात ठेव," नांग सिद्रा म्हणाल्या आणि पंखा हलवायच्या थांबल्या. त्या पंखा हलवायच्या थांबल्या की आमच्या गल्लीत काहीतरी घडतं. "जत्रेच्या सकाळी बिशप येतायत ना दृढीकरणाला? त्या रेक्सनचं दृढीकरण झालंय का?"

कुणालाच माहीत नव्हतं. नांग सिद्रांना माहीत होतं. रेक्सनचं त्यांच्याच भाचीशी ठरलं होतं, आणि दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बिशपांच्या हातून होणारा संस्कार, झाल्याशिवाय फादर लग्न लावायला तयार नव्हते. लहानपणी बिशप त्याच्या बेटावर यायचे त्याच दिवशी वादळ आलं, बोटी बंद झाल्या, आणि पोरगा तसाच राहिला.

"दृढीकरणाला धर्मबाप लागतो," नांग सिद्रा म्हणाल्या.

बाकावर सगळ्यांना एकदम समजलं. आर्विनने तर टाळी वाजवली. सकाळी दुल्फोला त्याचा निनोंग करायचा, दुपारी लढत. एकदा निनोंग म्हटल्यावर कोण हात उचलतोय?

"कागदपत्रं कोण बघणार?" मी विचारलं. हा माझा मूर्खपणा.

"जिने टक्के काढले तिने," नांग सिद्रा म्हणाल्या.

तातयना एवढंच सांगितलं, की एका गरीब पोराला धर्मबाप मिळत नाहीये. ते लगेच विरघळले. "आधी त्याचा निनोंग होईन, मग त्याला झोपवीन," ते म्हणाले आणि हसत सुटले. मला हसू आलं नाही.

यापुढचा आठवडा मी चर्चच्या कचेरीत घालवला. तिथे नांग अपोलोनिया बसतात. बिशप येतात आणि जातात, फादर बदलतात, नांग अपोलोनिया खिडकीत बसलेल्याच असतात. त्या म्हणाल्या, बाप्तिस्म्याचा दाखला हवा. मी रेक्सनकडून आणला. म्हणाल्या, हा जुना, नवा हवा, आणि त्यावर 'दृढीकरणासाठी' असा शिक्का हवा. शिक्का त्याच्या बेटावरच्या चर्चमध्ये. मी बोटीने बेटावर गेले, समुद्र खवळलेला, माझे शाळेचे बूट भिजले. बेटावरचे फादर ध्यानसाधनेला गेलेले आणि शिक्क्याच्या कपाटाची किल्ली त्यांच्या झग्याच्या खिशात. पुन्हा गेले. या वेळी शिक्का मिळाला. नांग अपोलोनियांनी दाखला उजेडात धरून पाहिला.

"झेरॉक्स कुठाय?"

"नांग, झेरॉक्स चालत नाही असं तुम्हीच म्हणालात. ही मूळ प्रत आहे."

"झेरॉक्स चालत नाहीच. मूळ प्रतच लागते. आणि तिची झेरॉक्स."

झेरॉक्सचं दुकान जत्रेची पत्रकं छापण्यात बुडालेलं होतं. मी तिथे रांगेत उभी राहून रडणार होते, पण पुढे सरांची बायको उभी होती, म्हणून आवरलं.

मग निघालं की धर्मबापाने पापनिवेदन केलेलं असावं लागतं. तातय किती वर्षांत त्या जाळीपुढे गुडघ्यावर बसले नव्हते, ते त्यांनाही आठवत नव्हतं. ते आत गेले आणि बाहेर रांग लागली. नांग सिद्रा, चार नन, शाळेतली दोन पोरं. बराच वेळ झाला. मध्ये फादर उठून पाणी पिऊन आले. पुन्हा आत गेले. तातय बाहेर आले ते घामाने भिजून. "हलकं वाटतंय," ते म्हणाले. फादरना तसं वाटत होतं असं त्यांच्याकडे बघून दिसलं नाही.

या सगळ्यात रेक्सनची आणि माझी ओळख झाली. बोटीवर तो माझ्या शेजारी बसला होता. मोठा पण अंग चोरून बसणारा. मला सुकवलेला माकूल खायला दिला.

"तू निनोंगची मुलगी ना? गणित करतेस म्हणे. माझं काय निघालं?"

"तू जिंकशील असं निघालं."

"हो का," तो म्हणाला आणि लाजून समुद्राकडे बघायला लागला. असल्या माणसाला दुष्ट समजणं फार कठीण जातं. मी प्रयत्न केला.

नांग सिद्रांनी भाचीमार्फत त्याच्या कानावर घातलं होतं, की बाबा रे, निनोंग तो निनोंग, समजलं ना. त्याने मान हलवली होती. आमच्या बाजूने सगळं चोख होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी धर्मबापांचा वर्ग होता. तो चुकवला की दृढीकरण नाही. मी तातयबरोबर गेले, कारण ते एकटे गेले तर वाटेत कुणाशीतरी बोलत उभे राहतात. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येक धर्मबापाला उभं केलं आणि म्हणाल्या, आपल्या धर्मपुत्राकडून एक वचन मागा. कुणी म्हणालं, दारू पिऊ नकोस. कुणी म्हणालं, आईला फोन करत जा. तातय उठले. त्यांनी रेक्सनच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्याशी खोटं वागू नकोस," ते म्हणाले. "लहानसहानसुद्धा नाही. मला ते ओळखता येत नाही रे, म्हणून आधीच सांगतोय."

"शब्द देतो, निनोंग," रेक्सन म्हणाला.

मागच्या बाकावर नांग सिद्रांचा पंखा थांबला. या वेळी त्यांच्याकडेही पुढचा विचार नव्हता.

सकाळी बिशप आले. दृढीकरणाला बिशप कपाळावर तेल लावतात आणि गालावर हलकेच चापट देतात, आयुष्यात पुढे सोसावं लागेल याची आठवण म्हणून. रेक्सनच्या मागे तातय उभे, नवा पांढरा शर्ट, हात त्याच्या खांद्यावर. बिशपांचा हात उठला आणि रेक्सनचं डोकं इतक्या चपळाईने खाली गेलं की चापट हवेतून निघून गेली. बिशपांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तातयनी त्याचं डोकं मागून घट्ट धरलं, तेव्हा कुठे सोसण्याची आठवण त्याच्यापर्यंत पोचली. मागे लोक गालात हसत होते. मी मनातल्या मनात माझे बारा टक्के पाचावर आणले.

दुपारी बास्केटबॉलच्या कोर्टावर दोर बांधले होते. उन्हात भाजलेल्या डुकरांचा वास, कुणाच्यातरी घरून गाण्याचा कर्णा. नानाय आली नाही. तिने सांगितलं, तिला भात टाकायचाय. तातयच्या कोपऱ्यात मदतीला आर्विन होता, आणि पाण्याची बाटली धरायला मी. लढत चार फेऱ्यांची.

घंटेआधी रेक्सन पुढे आला, वाकला, तातयचा ग्लोव्ह उचलून कपाळाला लावला. सगळ्या कोर्टाने सुटकेचा श्वास सोडला. नांग सिद्रांनी माझ्याकडे बघून मान हलवली : बघ, झालं की नाही.

घंटा झाली आणि रेक्सनने तातयच्या डाव्या डोळ्याखाली असा ठोसा लावला की मला त्याचा आवाज पोटात ऐकू आला.

कर्णा कुणीतरी बंद केला. पहिली फेरी कशी गेली ते मला सांगता येणार नाही, मी बाटलीकडे बघत होते. दुसरी मी पाहिली. रेक्सन रागाने मारत नव्हता, उलट अगदी मन लावून मारत होता, आमच्या वर्गातला हुशार मुलगा गणित सोडवतो तसा, एकही पायरी न गाळता. तातय मागे सरत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा नवलच जास्त होतं. पाणी वेगळ्या चवीचं लागल्यावर माणूस पेल्यात बघतो ना, तसं.

दुसरी फेरी संपली. ते येऊन स्टुलावर बसले. डोळा सुजून बंद होत आला होता. आर्विन त्यांच्या तोंडावर ओला टॉवेल फिरवायला लागला.

"आर्विन," तातय म्हणाले, "हा मारतोय."

"हो, निनोंग."

"तू मारत नव्हतास."

आर्विन बादलीत बघायला लागला. बादलीत पाण्याशिवाय काही नव्हतं.

"पाय घसरला होता, निनोंग."

तातयनी मान वळवून उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगात त्या क्षणी वक्तृत्वाचा पहिला नंबर कुठेही नव्हता. मला आठवलं, त्यांनी काल सगळ्यांसमोर काय मागितलं होतं. ते माझ्याकडून मागितलं नव्हतं. पण हो म्हणणारा रेक्सन एकटाच निघाला होता, आणि तो समोरच्या कोपऱ्यात आपला शब्द पाळत बसला होता.

"रोमेल?" त्यांनी विचारलं.

"तोही नाही, तातय."

"कुणीच नाही?"

"तुम्ही सगळ्यांचे निनोंग आहात ना," मी म्हणाले. "त्यांना घरी जायचं होतं."

पंच आमच्याकडे बघत होते. तातयनी बाटली घेतली, एक घोट तोंडात खेळवून बादलीत टाकला. मला वाटलं, आता ते ग्लोव्ह सोडायला सांगतील. मी गाठीला हातसुद्धा घातला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"म्हणजे इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "मला कुणी नीट मारलंच नाही. आणि मी मेला रोज पहाटे पळत होतो."

आणि ते हसले. सुजलेल्या तोंडाने माणूस हसतो तेव्हा बघवत नाही, पण ते हसले, आणि घंटा होण्याआधीच उठून उभे राहिले. उठताना त्यांनी 'आई गं' म्हटलं. नांग सिद्रांनी ऐकलं असणार.

तिसऱ्या फेरीत मी जे पाहिलं ते मामेभावांच्या कुठल्याही मोबाइलमध्ये नाही. तातय मागे सरले नाहीत. जुन्या लढतींत ते हळूच, सांभाळून मारायचे, समोरचं पोर कोवळं असावं तसं. आता त्यांना सांभाळायचं कारण उरलं नव्हतं. रेक्सनचे तीन ठोसे खाऊन त्यांनी एक दिला. आणखी दोन खाल्ले, एक दिला. आणि मग दोराजवळ, खांदा खाली टाकून, त्यांनी डावा हात असा खालून आणला की मी तो निघालेला पाहिलाच नाही, पोचलेला पाहिला. सकाळी बिशपांना ज्यासाठी तीनदा हात उचलावा लागला ते तातयनी एका वेळेत केलं. रेक्सनला डोकं खाली घालायला वेळच मिळाला नाही. नाकातून रक्त आलं.

कोर्टावरचे सगळे हरलेले एकदम उभे राहिले. आर्विन ओरडत होता. नोंग पेपिंगच्या हातातून छत्री पडली.

चौथ्या फेरीत तातय बहुतेक दोरांना धरून उभे होते. पण उभे होते. पंचांनी रेक्सनचा हात वर केला. तीन फेऱ्या त्याच्या, एक तातयची. पट्ट्याचा आकडा मोडका आहे, तो कसा अडकवायचा ते फक्त तातयना जमतं, म्हणून त्यांनीच वाकून तो रेक्सनच्या कमरेला बांधला आणि "पोट आत घे," म्हणाले. रेक्सनने त्यांचा ग्लोव्ह पुन्हा कपाळाला लावला आणि त्यावर रक्त सांडलं म्हणून माफी मागितली.

परत येताना वाटेत प्रत्येक दारात लोक होते. नांग सिद्रा दुकानात शिरल्या आणि मालाकडे बघत राहिल्या. माझा अंदाज बरोबर आला होता. सर गर्दीत दिसले तेव्हा त्यांनी मला शाबासकी देण्यासाठी हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. चांगले सर आहेत.

घरी नानायने तातयकडे एकदा पाहिलं आणि भात वाढला. तातयनी एका बाजूने चावायला सुरुवात केली. मी ताटात बोटं फिरवत होते. ते चावत होते तितका वेळ मी मनात माफीची भाषणं रचली, सगळी एकाहून एक वाईट. पंखा फिरत होता. बाहेर मिरवणुकीचा ढोल लांबून जवळ येत होता.

"बेल," ते म्हणाले.

"हं."

"तिसऱ्या फेरीतला तो डावा."

"हं."

"तो त्याने लागू दिला नाही ना? नीट सांग. तू बघितलंयस."

"तातय, त्याचं नाक फुटलंय. आर्विनने दोन्हीकडे कापूस घातला तरी थांबत नव्हतं."

त्यांनी घास खाली ठेवला. उघडा डोळा माझ्यावर होता.

"अरेरे," ते म्हणाले. इतक्या समाधानाने म्हटलेलं 'अरेरे' मी आजवर ऐकलं नव्हतं. "फार फुटलंय?"

"फार."

"बिचारा," तातय म्हणाले आणि नानायपुढे ताट केलं. तिने वाढला त्यावर आणखी थोडा मागितला. "जा, फ्रीजमधला बर्फ घेऊन जा त्याच्याकडे. सांग, निनोंगने पाठवलाय."

मी उठले, बर्फ फडक्यात बांधला. इतकी दमले होते की बर्फाचंही ओझं वाटत होतं. उंबऱ्यापर्यंत पोचले तोच मागून आवाज आला.

"आणि जवळून बघून ये हां. वाकडं झालंय का ते."